धाकटीचं उद्यापन

ये बाई, इकडे ये, अशी जवळ बस. म्हणजे तो फोन जवळ घे नं, आणि दुसऱ्या हातातलं बिस्किट आधी खाली ठेव. मला दिसत नाही म्हणून समजत नाही असं थोडंच आहे. काल संध्याकाळी तुझा निरोप आला, "आजी, सोनोग्राफीत थोडंसं फॅटी लिव्हर निघालं, पण टेन्शन घेऊ नको, ऑफिसात अर्ध्या लोकांना आहे," आणि खाली एक हसणारा चेहरा. काहून वं, तो चेहरा कशाला हसून राहिला? अर्ध्या गावाला खरूज झाली म्हणून आपण आनंदानं खाजवायचं का?

रागावले नाही मी. पण फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतेस आणि मधेच कुणाचा तरी दुसरा फोन येतो. म्हणून लिहायला बसले. तुला मराठी समजतं सगळं, वाचताना अडखळतेस, तर आईला मोठ्यानं वाचायला सांग. तिलाही यातलं अर्धंच माहीत आहे.

तुझी धाकटी आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुला माहीत आहे ती सडसडीत, पायात बूट घालून भरभर चालणारी. गेली काही वर्षं तू तिला तशीच पाहिलीस. मला तिच्याबद्दल सांगायचं आहे. माझ्या उभ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसं पाहिली, मोठमोठी भाषणं करणारी पाहिली, पण हिच्यासारखं धाडस मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. आणि तिचं धाडस होतं एकादशीच्या दिवशी ज्वारीची भाकर खाण्याचं. हसू नको, ऐक.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा धाकटा दीर, तुझे धाकटे आजोबा, इतका लहान होता की माझ्या शालूचा पदर धरूनच झोपी गेला. सासूबाई लवकर गेल्या. मग त्याला न्हाऊ घालणं, शाळेत पिटाळणं, दुधाचा पेला घेऊन अंगणभर त्याच्यामागे धावणं, सगळं माझ्याकडं आलं. मोठा होऊन फॅक्टरीत लागला, भट्टीच्या खात्यात, जिथं लोखंड तापवून कडक करतात. त्याच्यासाठी मुलगी मीच पसंत केली. अमरावतीकडची, माझ्याहून पुष्कळ लहान, गोरीपान, हाताला चव अशी की काय सांगू.

ती घरात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोमवार होता. मी पोळ्या लाटत होते. म्हणाली, ताई, माझा उपास आहे, तुम्ही त्रास घेऊ नका, माझं मी करते. आणि तिनं जे केलं ते खाल्ल्यावर आमच्या घरात सोमवारी पोळीला हात लावायला कोणी तयार होईना. साजूक तुपातली साबुदाण्याची उसळ, वरून ओलं खोबरं. आलूचा कीस. शेंगदाण्याची आमटी आणि भगर. थंडीत आपल्याकडे शिंगाडे निघतात, त्यांच्या पिठाचा शिरा. एकादशीला साबुदाणेवडे, चतुर्थीला खोबऱ्याची वडी. एकादशी, दुप्पट खाशी, असं आपल्यात म्हणतातच. आमच्याकडं दुप्पट म्हणजे कमीच सांगितलं.

पण तिचे उपास खाण्यासाठी नव्हते, हे आधी समजून घे. तिची श्रद्धा खरी होती. लहानपणी तिच्या आईच्या कपाळाचं कुंकू अचानक गेलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात एक भीती बसली होती. नवऱ्याच्या आयुष्यासाठी सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, सगळं ती अगदी मनापासून करायची. बाळंतपणातसुद्धा तिनं एकादशी सोडली नाही. भजनाच्या बायका तिचं नाव घेऊन आपापल्या सुनांना टोमणे मारायच्या.

दिराच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली ती फॅक्टरीच्या तपासणीत. डॉक्टरनं सांगितलं, वजन कमी करा. हा हसत हसत घरी आला. म्हणे, वहिनी, माझं लिव्हर बाळसं धरून राहिलं, आता त्याचं बारसं करू. आम्ही सगळे हसलो. खात्यात सगळ्यांनाच आहे म्हणाला. आता कळलं का, तुझा तो हसरा चेहरा पाहून मी काहून लिहायला बसले?

लिव्हरसारखं सोशीक या शरीरात दुसरं काही नाही बघ. दात दुखला की माणूस घर डोक्यावर घेतो. लिव्हर मात्र वर्षानुवर्षं मुकाट ओझं वाहतं, सासुरवाशिणीसारखं. बोललं तेव्हा फार उशीर झाला होता. आधी दिराचे पाय सुजले. मग पोट फुगलं, डोळे पिवळे पडले. आणि एका दुपारी तो आपल्या घराजवळच्या ओमतीच्या चौकात उभा राहून एका दुकानदाराला आपल्याच घराचा रस्ता विचारू लागला. ज्या गल्लीत त्याचं लहानपण गेलं, ती गल्ली. दुकानदार ओळखीचा होता, हात धरून घरी घेऊन आला. लिव्हर काम करेनासं झालं की रक्तातली घाण डोक्यापर्यंत जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, माझं पोर वेडं झालं.

त्यात लोक. शेजारची बाई आली, पाणी प्याली आणि आवाज बारीक करून विचारते, "भाभी, पीते थे क्या?" ज्यानं जन्मात दारूचा थेंब घेतला नाही त्याच्याबद्दल. त्याची नशा एकच होती, खव्याची जिलबी. त्याच्या कानावर गेलं तेव्हा जरा शुद्धीवर होता. मला म्हणतो, "वहिनी, बदनामीच व्हायची होती, तर एखादा घोट तरी घेऊन पाहायला हवा होता."

इथल्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं. राज्यं वेगळी झाली तेव्हा नागपूर तिकडं गेलं आणि आपण इकडं हिंदी मुलखात राहिलो, पण लग्न आणि आजारपण या दोन गोष्टींना आम्हाला अजून नागपूरच लागतं. तिथली डॉक्टर बाई होती. बारीकशी, केस कापलेले, आपल्यासारखंच बोलणारी. तिनं आम्हाला खुर्च्यांवर बसवलं आणि सरळ सांगितलं. याचं लिव्हर व्रणांनी आक्रसलं आहे, आता औषधानं सुधारणार नाही, दुसरं पाहिजे. घरातलं कोणी आपल्या लिव्हरचा भाग देऊ शकतं. देणाऱ्याचं उरलेलं लिव्हर पुन्हा वाढतं.

पुन्हा वाढतं, हे ऐकून मी तर हात जोडले. बोट तुटलं तर येत नाही, पण हे येतं. देवानं काय वस्तू केली आहे.

दिराच्या मुलाचा रक्तगट जुळत नव्हता. मी म्हातारी. डॉक्टरीणबाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत धाकटी म्हणाली, माझं घ्या. तिचा गट जुळला. आम्हाला वाटलं, झालं, देवानं ऐकलं. मग तिच्या तपासण्या झाल्या आणि कळलं की तिच्याही लिव्हरमध्ये चरबी आहे. नवऱ्याइतकी नाही, व्रण अजून नाहीत, पण चरबी आहे. असं लिव्हर चालणार नाही.

धाकटीला ते पटेना. थोडी चरबी गेली तर गेली सोबत, त्यात काय बिघडतं, तिनं विचारलं. तेव्हा त्या बाईंनी जे समजावलं ते मी जन्मात विसरणार नाही. तू सायन्स शिकलीस, पण तुला तरी कोणी असं सांगितलं का पाहा.

म्हणाल्या, चरबी नुसती पडून राहिली असती तर एवढं भय नव्हतं. पण लिव्हरच्या प्रत्येक पेशीत बारक्या बारक्या भट्ट्या असतात, त्या अन्न जाळून ताकद तयार करतात. जाळायला प्राणवायू लागतो. थोड्या ठिणग्या उडणारच, आणि त्या विझवायची सोय शरीरानं केलेली असते. पण आपण सारखं गोड आणि तेलकट कोंबत राहिलो की भट्ट्यांवर भार येतो. ठिणग्या इतक्या होतात की विझवणारे पुरे पडत नाहीत. मग त्या ठिणग्या साठलेल्या चरबीलाच धरतात, तिला बिघडवतात. बिघडलेली चरबी पेशीला जाळते, सूज येते, सुजेचे व्रण होतात. याला त्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणाल्या. मी दोनदा विचारून घेतलं तो शब्द.

मी म्हटलं, म्हणजे तेल खवट होतं तसं?

त्या म्हणाल्या, तसंच आजी, हवा लागून तेल खवट होतं तोच प्रकार. फक्त एक फरक आहे. डब्यातलं तेल एकदा खवट झालं की फेकावं लागतं. लिव्हर जिवंत आहे. वेळेत ओझं काढलं तर ते स्वतःला स्वच्छ करतं.

मग धाकटीकडं वळून म्हणाल्या, आता तुमचं. तुमच्या लिव्हरचा तुकडा काढला की काही वेळ त्याला रक्त मिळत नाही. यांच्या पोटात जोडून आम्ही रक्त सोडतो, तेव्हा इतका वेळ उपाशी असलेल्या त्या तुकड्यात प्राणवायू एकदम घुसतो. ठिणग्यांचा लोटच उठतो म्हणा. साफ लिव्हर तेवढं सोसतं. चरबीनं भरलेलं सोसेलच असं नाही, ते यांच्या पोटात जाऊन बंद पडू शकतं. शिवाय तुमच्यासाठी मागं राहणारा भागही दमदार पाहिजे. वजन कमी करून या. तोवर यांना आम्ही औषधांवर सांभाळतो. पण फार वेळ नाही, ताई.

दीर बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, खरं आहे वहिनी. भट्टीत माल जास्त कोंबला की ती आधी धूर सोडते, मग आतल्या विटा फुटतात. आयुष्यभर दुसऱ्यांची भट्टी सांभाळली आणि आपलीच राहिली.

घरी आल्यावर धाकटीनं काय करावं? वजन कमी करायचं, म्हणजे खाणं कमी करायचं, म्हणजे उपास. आपल्या बाईच्या डोक्यात दुसरं काय येणार. सोमवार, चतुर्थी, एकादशी होतेच, त्यात तिनं गुरुवार धरला, मग शनिवार धरला. एका दगडात दोन पक्षी, देवही प्रसन्न आणि चरबीही कमी. बडा फुहाऱ्याच्या बाजारातला वाणी आम्हाला पाहिलं की न सांगता साबुदाणा तोलायला घ्यायचा. सगळं गाव तिला वाखाणू लागलं. सावित्री आहे म्हणाल्या बायका. काळजीनं तिचा चेहरा ओढलेला होता, त्यामुळे आम्हाला वाटायचं, उतरून राहिली. शेजारीण कुठून तरी भुईआवळ्याचा काढा घेऊन आली. नागपूरला फोन करून विचारलं, तर बाईंनी स्पष्ट सांगितलं, काढे, चूर्ण, ताकदीच्या गोळ्या, आपल्या मनानं काही घ्यायचं नाही.

ठरल्या दिवशी आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. धाकटी चौरंगावर बसल्यासारखी ताठ बसली होती. तपासणी झाली. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, चरबी तेवढीच आहे, कदाचित जराशी जास्तच.

मी धाकटीकडं पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणाली, असं होऊच शकत नाही, मी तर अर्धे दिवस उपाशी असते.

बाईंनी विचारलं, उपासाला काय खाता? आणि धाकटी सांगू लागली. मनापासून, सगळं, तूप किती सोडते तेसुद्धा. आलूचा कीस तुपात तळून घेते की चांगला होतो, तेही सांगितलं. मी तिला पायानं खुणावत होते, पण ती खोटं बोलणारी बाई नाही. डॉक्टरीणबाई स्वतः वऱ्हाडातल्या घरातल्या. त्यांनी मधेच डोळे मिटले, मला वाटतं त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असावं. मग हसू आवरून त्यांनी समजावलं. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, आलू तेच, त्यावर तूप, साखर, शेंगदाणे. पोटात गेल्यावर त्याची साखर होते, आणि खर्च न झालेल्या साखरेची लिव्हर चरबी करून ठेवतं. तुम्ही उपास नाही करत ताई, तुम्ही भट्टीत भर घालून राहिल्या.

आणि मग त्या म्हणाल्या, "देवाचं मी काही बोलत नाही. पण हे उपास सोडा. साधं जेवा आणि रोज भरभर चाला. तेवढं केलं तर मी यांना वाचवायचा प्रयत्न करू शकते."

 परतताना सिवनीच्या पुढं चहाला थांबलो, ती गाडीतच बसून राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. ज्या उपासांनी नवऱ्याला आयुष्य मिळतं असं ती लग्नाआधीपासून मानत आली, ते मोडायचे, आणि तेही त्याचं आयुष्य असं टांगलेलं असताना. आणि मोडून तो गेला तर? लोक तर म्हणतीलच, पण ती स्वतःला काय म्हणेल? मी असते तर माझ्याच्यानं झालं नसतं, खरं सांगते.

घरी आल्यावर ती देवघरासमोर बसली. दुसऱ्या दिवशी एकादशी होती.

आपल्यात व्रत मधेच टाकत नाहीत, त्याचं उद्यापन करतात, हे तुला आईनं सांगितलं असेल. देवाला सांगायचं, इतकं केलं, आता पुरं झालं, आणि मग एखाद्या जोडप्याला पुरणावरणाचं जेवायला घालायचं. सकाळी मी उठले तर धाकटीची आंघोळ झाली होती, पूजा झाली होती, समईत नवी वात होती, आणि पाट मांडलेला. एकच पाट. मी म्हटलं, कोणाला बोलावलं वं? म्हणाली, तुम्हाला.

मी मागंच सरले. तुझे आजोबा जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. उद्यापनाला विधवेला बसवत नाहीत, एवढं मला कळतं. तिला कळत नव्हतं असं नाही. मी तसं म्हटलं तर तिनं माझा हात धरून मला पाटावर बसवलं.

"ताई, यांना लहानाचं मोठं कोणी केलं? तुम्ही जेवल्या की माझं व्रत पोहोचलं."

ताटात पुरण नव्हतं. ज्वारीची भाकर, पालकाची भाजी, पातळ वरण, काकडी, लिंबू. तिनं मला वाढलं, नमस्कार केला, आणि आपलं ताट घेऊन माझ्यासमोर बसली. पहिला घास हातात घेऊन ती थांबली.  देवघराकडं पाहून म्हणाली, "आजवर तुझ्यासाठी उपाशी राहिले. आता यांच्यासाठी जेवते. राग आला तर माझ्यावर काढ, यांच्यावर नको."

आणि तिनं तो घास खाल्ला. मीही माझी भाकर खाल्ली, कारण मी नाही खाल्लं तर तिचं व्रत अर्धं राहिलं असतं.

त्या दिवसापासून ती पहाटे उठून सिविल लाइंसकडं चालायला जाऊ लागली. तिथं मोठी झाडं आहेत, जुने बंगले, रस्ता मोकळा. पहिले काही दिवस नऊवारीसारखी साडी घट्ट खोचून, पायात चपला. चप्पल तुटली तेव्हा मुलानं बूट आणून दिले. साडीवर बूट पाहून शाळेतली पोरं हसायची. ती त्यांना म्हणायची, चलो, मेरे साथ चलके दिखाओ, आणि ती पोरं तिसऱ्या वळणावर दमून बसायची. दीर व्हरांड्यात खुर्चीवर तिची वाट पाहत असायचा. ती फाटकातून आत आली की विचारायचा, काय, आज किती विटा वाचवल्या?

स्वयंपाकही तिनंच बदलला. तळण बंद. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा फोडणीला वापरणं बंद. चहात साखर नाही. पहिल्या आठवड्यात आमचं घर सुतक असल्यासारखं जेवत होतं, कोणी मान वर करेना. मग हळूहळू भाजीची चव भाजीला आली. भजनाच्या बायका मात्र रुसल्या. एकादशीला तिला वरण-भाकर खाताना एकीनं पाहिलं, झालं. तोंडावर म्हणाली, नवऱ्याचं असं असताना जेवण बरं गोड लागतं हो तुम्हाला. मला असा संताप आला की मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण धाकटी शांतपणे म्हणाली, गोड नाही लागत बाई, अळणी लागतं, पण खाते.

माझा दीरच एकदा डगमगला. मला एकटीला गाठून म्हणाला, वहिनी, तिला नाही म्हणा. मी जगलो आणि तिला काही झालं तर काय करू? तुमचं ती ऐकते. मी त्याला म्हटलं, बाबा, ती देवाचं ऐकेना, माझं काय ऐकणार. आत भाकर थापताना तिनं सगळं ऐकलं होतं. तिथूनच म्हणाली, "त्यांना सांगा, चुपचाप बसा. एवढी चालले ती काय तुमच्या परवानगीसाठी चालले?"

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई पडद्याकडं पाहत राहिल्या, आमचा जीव टांगणीला. मग त्यांनी मान वळवली आणि धाकटीला म्हणाल्या, "ताई, तुमचं लिव्हर स्वच्छ आहे." धाकटी रडली नाही. तिनं विचारलं, मग कधी करता?

ऑपरेशनच्या दिवशी दोघांना एकाच वेळी आत नेलं. मी आणि मुलगा बाहेर. दिवस कसा गेला ते सांगता येणार नाही, जपमाळ हातात होती पण मणी पुढं सरकत नव्हते. मला सारखं तेच दिसत होतं, तो तुकडा, आणि त्यात एकदम घुसणारा प्राणवायू, आणि ठिणग्या. मी देवाला म्हटलं, तिनं तुझे उपास मोडले ते या एका क्षणासाठी, आता तूच पाहा.

दिवेलागणीला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डोक्यावरची हिरवी टोपी काढून माझ्याशेजारी बाकावर बसल्या. थकल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, रक्त सोडलं आणि लिव्हर लगेच गुलाबी झालं. सगळीकडून सारखं. थोड्या वेळात पित्तही सुटायला लागलं." मला सगळं समजलं नाही, पण गुलाबी समजलं. नव्या बाळाबद्दल सांगावं तसं त्यांनी सांगितलं. त्या बाईचा हात मी किती वेळ धरून बसले कोण जाणे, त्यांनीही सोडवून घेतला नाही.

पुढं पुष्कळ दुखणं होतं, औषधं होती, दीर महिनोन्महिने जपून राहिला, अजूनही रोज गोळ्या घेतो. धाकटीचं लिव्हर बघता बघता पुन्हा वाढलं, तपासणीत दिसलं. आज दोघं सोबत चालायला जातात. तो मागं राहतो, ती पुढं जाऊन उभी राहते आणि त्याला टोमणे मारते, माझंच लिव्हर घेऊन माझ्यामागं रेंगाळता काहून? एकादशीला भजनाच्या बायका अजून विचारतात, उपास आहे का? ती म्हणते, आहे नं, माझा साबुदाण्याचा उपास आहे, बाकी सगळं चालतं. त्या रुसलेल्या बाईला मागच्या वर्षी तपासणीत चरबी निघाली. ती कोणाकडं आली असेल सांग. दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटी तिच्या दारात बूट घालून उभी.

तर बाई, तू आज जिथं आहेस, तिथं माझा दीर त्या बारशाच्या दिवशी होता. तेव्हाच थोडं चालला असता, जिलबीचा हात आखडला असता, तर धाकटीच्या पोटावर ती लांब खूण राहिली नसती. तुझ्या लिव्हरला अजून कोणी काही मागितलेलं नाही, ते आपलं मुकाट काम करून राहिलं आहे. त्याच्यावर दया कर. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी डबाभर मागवून खातेस असं तुझी आई सांगत होती, ते मोबाइलवालं उपासाचं काय ते, ते इथल्या धाकट्या आजीला सांगून पाहा. ती हसेल आणि मग तुझा कान धरेल.

पुढच्या सुट्टीची वाट पाहू नको. रिपोर्ट पिशवीत टाक आणि ये. पहाटेची गाडी घे, म्हणजे धाकटी आजीच स्टेशनवर घ्यायला येईल. ती रिक्षा करू देणार नाही, सामान दिराच्या स्कूटरवर जाईल आणि तुम्ही दोघी चालत याल. मी भाकरीचं पीठ मळून ठेवते. लवकर ये.